पुराणातली वांगी आणि आर्किऑलॉजी

आर्किऑलॉजी म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यासमोर पहिल्यांदा येतो तो हॅट घातलेला आणि चाबूक फिरवणारा इंडियाना जोन्स. त्याच्या पाठोपाठ इजिप्तच्या ममी, आणि मग शाळेच्या पुस्तकातला मोहेंजोदडोचा तो दाढीवाला पुतळा. थोडक्यात, खोदायचं आणि काहीतरी बाहेर काढायचं. मलाही शब्दाचा अर्थ तेवढाच वाटायचा. पण मूळ ग्रीक शब्दात खोदणं नाही, फावडं नाही आणि मातीसुद्धा नाही. आहेत त्या चक्क गप्पा!

शब्दाची फोड तशी सोपी आहे. 'आर्खाइओस' म्हणजे जुना, प्राचीन. आणि 'लोगोस' म्हणजे बोलणं, कथन, विचार. आज 'लॉजी' लागलं की आपण डोळे झाकून 'शास्त्र' असं भाषांतर करतो (बायॉलॉजी, जिऑलॉजी वगैरे), पण हे 'शास्त्र'पण फार नंतर चिकटलेलं आहे. प्राचीन ग्रीक माणसाला 'आर्खाइओलोगिया' म्हटल्यावर ऐकू यायचं ते 'जुन्या काळाच्या गोष्टी सांगणं'.

आता हे मराठीत कसं म्हणाल? आपल्याकडे यासाठी अगदी नेमका शब्द तयार आहे. पुराण. "काय पुराण लावलंयस सकाळपासून" मधलं पुराण.

हा विनोद नाही बरं का. हा शब्द आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो प्लेटोच्या एका संवादात, म्हणजे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात. संवादाचं नाव 'हिपियस मेजर'. (तो प्लेटोचाच आहे का, यावरही विद्वान भांडतात. असो.) हिपियस हा गावोगाव फिरून पैसे घेऊन शिकवणारा पंडित, आजच्या भाषेत कॉर्पोरेट ट्रेनर. सॉक्रेटिस त्याला विचारतो, तू स्पार्टाला एवढा जातोस, तिथल्या लोकांना तुझं काय ऐकायला आवडतं? खगोलशास्त्र? नाही. भूमिती? नाही. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना धड मोजतासुद्धा येत नाही, असं हिपियसच म्हणतो. मग काय आवडतं? तर वीरांच्या आणि माणसांच्या वंशावळी, पूर्वी शहरं कशी वसली त्याच्या कथा, आणि एकूणच सगळी 'आर्खाइओलोगिया'. बिचाऱ्या हिपियसला त्यासाठी हे सगळं पाठ करावं लागलं. त्यावर सॉक्रेटिस त्याच्या खास खवचट पद्धतीने म्हणतो की बरोबर आहे, लहान मुलं जशी म्हाताऱ्या बायकांकडे गोष्टी ऐकायला जातात, तसेच स्पार्टाचे लोक तुझ्याकडे येतात.

आता हिपियसच्या यादीशेजारी आपल्या पुराणांची पंचलक्षणं ठेवून बघा. सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतरं आणि वंशानुचरित. म्हणजे सृष्टीची निर्मिती, पुनर्निर्मिती, देवांच्या आणि ऋषींच्या वंशावळी, मनूंची युगं आणि राजवंशांच्या कथा. अर्धी यादी जुळते! देवळात संध्याकाळी पुराणिकबुवा पोथी सोडून बसले आहेत आणि समोर श्रोते मान डोलावतायत, हे चित्र स्पार्टात नेऊन ठेवा, की झाला आर्किऑलॉजीचा मूळ अर्थ.

पण 'आर्खाइओस'च्याही पोटात अजून एक शब्द आहे आणि खरी गंमत तिथे आहे. तो शब्द म्हणजे 'आर्खे'. याचा अर्थ सुरुवात. पण त्याचाच दुसरा अर्थ सत्ता, अधिकार. ज्या क्रियापदाचा अर्थ 'सुरू करणे' त्याचाच अर्थ 'राज्य करणे'. अथेन्सच्या अधिकाऱ्याला 'आर्खोन' म्हणत. त्याच्या कचेरीला 'आर्खेइओन', आणि तिथे सरकारी कागदपत्रं असायची म्हणून पुढे आर्काइव्ह. मोनार्की म्हणजे एकाची सत्ता. आपल्या कंपन्यांमध्ये 'आर्किटेक्ट' नावाचं जे वजनदार पद असतं त्याचा मूळ अर्थ 'मुख्य सुतार' (आणि त्यातला 'टेक्टोन' हा संस्कृतमधल्या 'तक्षन्'चा सख्खा भाऊ, हे पुढच्या डिझाइन रिव्ह्यूत कोणाला सांगायचं असेल तर सांगा).

सुरुवात आणि सत्ता एकाच शब्दात कशी? पुणेकरांना हे समजावून सांगायला नको. गणपतीच्या मिरवणुकीत 'पहिला मान' कोणाचा यात 'पहिला' आणि 'मान' हे दोन्ही शब्द एकमेकांना टेकूनच उभे आहेत. जो आधी, तो मोठा. गावातलं मूळ घराणं कुठलं, वतन कोणाला आधी मिळालं, यावरून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या कज्जे चालले आहेत.

आणि ग्रीक-रोमन जगातही 'आर्खाइओलोगिया' या नावाने जे ग्रंथ लिहिले गेले ते याच कज्ज्याचे कागद आहेत. हालिकार्नाससचा डायोनिसियस हा ग्रीक पंडित इसवी सनापूर्वी ३० च्या सुमारास रोमला आला, २२ वर्षं राहिला, लॅटिन शिकला आणि २० खंडांचा 'रोमन आर्खाइओलोगिया' लिहिला. उद्देश? रोमन लोक हे मुळात ग्रीकच आहेत हे सिद्ध करणं. म्हणजे जिंकलेल्या ग्रीकांना कमीपणा नको आणि जिंकणाऱ्या रोमनांना खानदान मिळालं. दोन्ही पार्ट्या खूश. पुढे इसवी सन ९३-९४ च्या सुमारास जोसेफस या ज्यू इतिहासकाराने, तेही २० खंडांचाच, 'ज्यूंची आर्खाइओलोगिया' लिहिला. रोमविरुद्धच्या ज्यूंच्या बंडात तो आधी सेनापती होता, मग पकडला गेला आणि शेवटी रोममध्येच राहिला. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर जळालेलं होतं. अशा वेळी आपला समाज किती जुना आहे हे जगाला सांगणं ही त्याच्यासाठी हौस नव्हती. तरी काही ग्रीक पंडितांनी शंका काढली की ज्यू एवढे जुने, तर आमच्या इतिहासकारांनी त्यांचा उल्लेख कसा केला नाही? त्यावर त्याने अजून एक पुस्तक लिहून उत्तर दिलं की तुम्ही ग्रीक स्वतःच काल-परवाचे, तुमचे दाखले काय मागता!

ओळखीचं वाटतंय? फॅमिली ग्रुपवर सकाळी सात वाजता जे फॉरवर्ड येतात, 'अमुक शोध आमच्याकडे दहा हजार वर्षांपूर्वी', ते शब्दाच्या मूळ अर्थाने शंभर टक्के आर्किऑलॉजी आहेत. जोसेफसचं दुःख खरं होतं आणि त्याचा अभ्यासही खरा होता, हा फरक मात्र आहे.

या सगळ्या गर्दीत एक माणूस वेगळा निघतो. थुसिडिडीस. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या युद्धाचा त्याने इतिहास लिहिला. त्याच्या पहिल्याच भागात ग्रीसच्या जुन्या काळाचा एक छोटा आढावा आहे, आणि अभ्यासकांनी त्याला नंतर नाव ठेवलं 'द आर्किऑलॉजी'. त्याने स्वतः हा शब्द वापरलेला नाही. पण आज आपण ज्याला आर्किऑलॉजी म्हणतो त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा विचार त्याच्याकडेच सापडतो.

इसवी सनापूर्वी ४२६ मध्ये अथेन्सच्या लोकांनी डेलॉस नावाचं पवित्र बेट 'शुद्ध' करायचं ठरवलं. बेटावरची सगळी थडगी उकरून काढली. बाकीच्यांसाठी तो धार्मिक विधी होता. थुसिडिडीसने मात्र थडग्यांत काय निघालं इकडे लक्ष दिलं. तो सांगतो, अर्ध्याहून जास्त मृत माणसं कारियन होती, आणि हे कशावरून कळलं तर त्यांच्यासोबत पुरलेल्या शस्त्रांवरून आणि पुरण्याच्या पद्धतीवरून. म्हणजे पूर्वी या बेटांवर राहणारे लोक ग्रीक नव्हते. कोणी कवीने सांगितलं म्हणून नाही, वंशावळीत आहे म्हणून नाही, तर वस्तू अशी आहे आणि ती अशी ठेवली आहे म्हणून! (उकरलेलं सामान शेजारच्या रिनिया बेटावर नेऊन पुन्हा पुरलं होतं. ते १८९८ साली सापडलं. थुसिडिडीसचा कारियन हा निष्कर्ष आज सगळ्यांना मान्य नाही, पण पद्धत मान्य आहे.)

दुसरी गोष्ट तर मला अजूनच आवडते. तो म्हणतो, समजा स्पार्टा ओस पडलं आणि फक्त देवळं आणि इमारतींचे पाये उरले, तर पुढच्या काळातल्या लोकांना पटणारच नाही की हे शहर एवढं बलाढ्य होतं. कारण स्पार्टा म्हणजे विखुरलेल्या खेड्यांचा पुंजका. आणि अथेन्सचं तसंच झालं तर लोक अथेन्सला होतं त्याच्या दुप्पट बलवान समजतील. म्हणजे वस्तूसुद्धा खोटं बोलतात, किंवा बोलत नाहीत पण आपण चुकीचं ऐकतो. ज्या काळात 'आर्खाइओलोगिया' म्हणजे गोष्टी पाठ करणं होतं, त्याच्याही आधी हा माणूस अवशेषांच्या एरर मार्जिनबद्दल बोलत होता.

पुढची दीड-दोन हजार वर्षं भराभर उरकतो. रोमनांनी हा ग्रीक शब्द फारसा घेतलाच नाही. त्यांनी 'अँटिक्विटाटेस' वापरला, आणि युरोपभर जुन्या वस्तूंचे शौकीन 'अँटिक्वेरियन' झाले. सतराव्या शतकात इंग्रजीत आर्किऑलॉजी आला तेव्हाही अर्थ साधा 'प्राचीन इतिहास' एवढाच होता. वळण दिलं ते झाक स्पोन या ल्योंच्या डॉक्टरने. हा १६७५-७६ मध्ये ग्रीसपर्यंत फिरला, पार्थेनॉन स्फोटात उडण्याआधी बघून आला (तो स्फोट १६८७ चा), आणि १६८५ च्या एका ग्रंथात त्याने या अभ्यासाला 'आर्किओग्राफिया' म्हणत त्यात नाणी, शिलालेख, इमारती, मूर्ती, भांडी असं सगळं घातलं. गोष्टींकडून वस्तूंकडे झालेला प्रवास तो हा. १७७० मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजने आपलं नियतकालिक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'आर्किओलोजिया'. संस्थेच्या नावात जुना शब्द, मासिकाच्या नावात नवा. आणि १८३६ मध्ये डेन्मार्कच्या थॉमसेनने संग्रहालयातल्या वस्तू दगड, तांबं-कांसं आणि लोखंड अशा तीन युगांत लावून दाखवल्या, तेव्हा एकही राजा किंवा पोथी मध्ये न आणता काळ मोजता येतो हे जगाला कळलं.

भारतात हा शब्द सरकारी पाटीवर आला १८६१ मध्ये, अलेक्झांडर कनिंगहॅमबरोबर. पण कनिंगहॅमची पद्धत अजूनही अर्धी पोथीची होती. ह्युएन त्संगचं प्रवासवर्णन हातात धरायचं आणि त्यात लिहिलेलं ठिकाण शोधायचं. त्यामुळे जे पोथीत नाही ते दिसूनही दिसत नाही. हडप्पाला तो गेला, एक शिक्का मिळाला, १८७५ मध्ये छापला, आणि हा काही भारतीय नाही म्हणून बाजूला ठेवला. त्याच्या वेळेपर्यंत तिथल्या विटा लाहोर-मुलतान रेल्वेच्या सुमारे १०० मैल मार्गाखाली गेलेल्या होत्या.

मोहेंजोदडोची गोष्ट तर आपल्या जास्त जवळची आहे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, आणि खात्याच्या पश्चिम विभागाची कचेरी पुण्यात होती. १९११-१२ मध्ये तिथून देवदत्त रामकृष्ण भांडारकर हे टेकाड बघायला गेले. रा. गो. भांडारकरांचे चिरंजीव, शिलालेखांचे मोठे अभ्यासक, पुढे कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक. त्यांनी बघितलं आणि अभिप्राय दिला की विटा आधुनिक पद्धतीच्या आहेत, हे गाव फार तर २०० वर्षांपूर्वीचं असेल. साडेचार हजार वर्षं जुन्या शहराला २०० वर्षं! हसू नका. विटा खरोखरच इतक्या नीट भाजलेल्या होत्या की कोणीही फसावं. थुसिडिडीसने स्पार्टाबद्दल दिलेला इशारा इथे असा खरा ठरला. मग त्याच पश्चिम विभागाचे राखालदास बॅनर्जी १९२२ मध्ये तिथला बौद्ध स्तूप खणायला लागले आणि खाली वेगळंच जग निघालं. २० सप्टेंबर १९२४ ला जॉन मार्शलने 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये ते जाहीर केलं. कुठल्याही पुराणात, कुठल्याही वंशावळीत ज्यांचं नाव ओळखता येत नाही अशा लोकांची शहरं.

आता आपला मराठी शब्द. जुन्या मराठी लिखाणात 'पुराणवस्तुसंशोधन' असा लांबलचक शब्द दिसतो, मग 'पुरातत्त्व' स्थिरावला. (यात दोन 'त' आहेत. सरकारी पाट्यांवर बऱ्याचदा एकच असतो.) हा शब्द कोणी घडवला असेल तो असेल, पण भारी घडवलाय. 'पुरा' म्हणजे पूर्वी. 'तत्त्व' म्हणजे तत् अधिक त्व, 'ते'पणा. आणि ग्रीक तत्त्वज्ञानात थेल्स म्हणतो विश्वाची 'आर्खे' म्हणजे पाणी, तेव्हा मराठीत आपण 'आर्खे'चं भाषांतर काय करतो? मूलतत्त्व! म्हणजे ग्रीक शब्दाच्या पोटातला 'आर्खे' आपल्या शब्दात 'तत्त्व' होऊन बसला आहे, बहुधा योगायोगानेच. आणि यास्काने निरुक्तात 'पुराण'ची व्युत्पत्ती देताना जे सांगितलंय ते तर कोणत्याही म्युझियमच्या दारावर लावावं असं आहे. पुराण का? तर ते पूर्वी कधीतरी नवं होतं म्हणून.

आमच्या क्षेत्रातही आता 'सॉफ्टवेअर आर्किऑलॉजी' असा शब्द रूढ आहे. लिहिणारे सोडून गेले, डॉक्युमेंट नाही, आणि सिस्टिम मात्र चालू आहे, अशा कोडमध्ये शिरण्याचं काम. माझ्या अनुभवात तिथेही पुराण आणि पुरातत्त्व असे दोन थर असतात. कॉमेंटमध्ये लिहिलेलं असतं 'तात्पुरता बदल, पुढच्या रिलीजमध्ये काढणे', हे पुराण. तो बदल नऊ वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालतोय, हे पुरातत्त्व :-)

पुराणातली वांगी पुराणात, असं आपण म्हणतो. म्हणजे कथेत सांगितलेलं कथेतच ठेवायचं, पानात वेगळं वाढायचं. पण जमिनीतलं धान्य खरंच हाताला लागतं. महाराष्ट्रात हे काम ज्यांनी उभं केलं ते हसमुख सांकलिया १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये आले. १९५४ ते ५६ या काळात त्यांनी नेवाशाला उत्खनन केलं. नेवासा म्हणजे आपल्यासाठी ज्ञानेश्वरीचं गाव, शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. प्रवरेकाठच्या लाडमोड टेकाडात मात्र ते तिथे थांबले नाहीत. खाली सातवाहन काळ, त्यात रोमहून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे. त्याखाली तांबं आणि दगड एकत्र वापरणारी वस्ती. आणि नदीच्या गाळात अश्मयुगातल्या माणसाची हत्यारं. या उत्खननाच्या अहवालाचं नावच आहे 'इतिहासाकडून प्रागितिहासाकडे', उलटा प्रवास.

त्या तांब्या-दगडाच्या काळातल्या लोकांचा सगळ्यात तपशीलवार शोध लागला तो शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला. १९६८ ते १९८३, इतकी वर्षं डेक्कन कॉलेजची टीम तिथे खणत होती. शंभराहून जास्त घरं मिळाली. जळून कोळसा झालेले सातूचे (जवाचे) दाणे मिळाले, पाण्याचा पाट मिळाला. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायची आणि घरातच, जमिनीखाली पुरायची अशी पद्धत होती. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले आहेत. का, यावर तर्क आहेत. मेलेला चालत परत येऊ नये म्हणून, किंवा दूर निघून जाऊ नये म्हणून. इसवी सनापूर्वी १००० नंतर तिथली मोठी चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या येतात. मधुकर ढवळीकरांनी याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी लावला. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव संपतं.

या लोकांना त्यांच्या भाषेत काय म्हणत असतील याचा कुठेही पत्ता नाही. हिपियसला पाठ करता येईल असं त्यांच्याकडे काहीच शिल्लक नाही, ना राजा, ना वंश, ना शहर कोणी वसवलं त्याची कथा. आपण त्यांना 'जोर्वे संस्कृती' म्हणतो, कारण त्यांची लाल मडकी, काळ्या नक्षीची, पहिल्यांदा संगमनेरजवळच्या जोर्वे गावात १९५०-५१ च्या उत्खननात मिळाली. इनामगावच्या वस्तू डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. येरवड्याला, आपल्या अर्ध्या आयटी पार्कांच्या रस्त्यावर. विकडेला जा, म्हणजे निवांत बघता येईल.